वाद्यं नसताना गाणं कशाला धरून राहतं?

बाकीच्यांसाठी प्रश्न आधी थोडक्यात सांगते. भांडुपच्या एका सोसायटीत ९ जणांचा ग्रुप आहे, ५ बायका आणि ४ पुरुष, सगळ्यात लहान २५ वर्षांची आणि सगळ्यात मोठे काका ६८ चे. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाला त्यांना सोसायटीच्या हॉलमध्ये तीन गाणी वाद्यांशिवाय म्हणायचीत. त्या काकांना हे पटत नाहीये, ते म्हणतात की बिनवाद्यांचं गाणं हा चर्चचा प्रकार आहे, आपल्यात असं काही नव्हतंच, मग मराठीच्या दिवशी हे कशाला. आणि दुसरी अडचण अशी की दुसरं कडवं संपेपर्यंत सगळ्यांचा सूर खाली आलेला असतो, शेवटी पेटीवर लावून बघितलं की जवळपास अर्धा सूर उतरलेला. प्रश्न विचारलाय असा, की या प्रकाराचा इतिहास काय आणि सूर टिकवायचा कसा.

मी गेली २२ वर्षं मुंबईत समूहगानाचे ग्रुप बसवते, आधी शास्त्रीय शिकले आणि मग बरीच वर्षं एका कॉयरमध्ये आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाज, गायले, त्यामुळे दोन्हीकडचं थोडं थोडं हाताखालून गेलंय. मला वाटतं तुम्ही दोन प्रश्न विचारलेत पण ते आहेत एकच. गाण्यातून वाद्य काढलं की गाण्याला दुसरं काहीतरी धरायला लागतं. जगात जिथे जिथे माणसं वाद्यांशिवाय एकत्र गायलीत तिथे ती कशाला ना कशाला धरूनच गायलीत, आणि ते काय होतं ते बघत गेलं की काकांचं उत्तर मिळतं आणि तुमचा सूर का घसरतो तेही कळतं. बाकी तुमचा हॉल कसा आहे, माइक आहेत की नाहीत, गाणी किती उंच जातात यावर बरंच काही अवलंबून आहे, ते मला इथून दिसत नाहीये, म्हणून जिथे तसं असेल तिथे तसं सांगत जाईन.

आधी काकांचा मुद्दा, कारण तो निम्मा बरोबर आहे. 'अ कापेला' हा शब्द चर्चचाच. इटालियनमध्ये त्याचा अर्थ 'चॅपलमध्ये गातात तसं'. रोमला पोपच्या सिस्टिन चॅपलमध्ये ऑर्गनसुद्धा नव्हता, तिथे नुसते गळे. पण १६व्या शतकाच्या आसपास युरोपातल्या दुसऱ्या बऱ्याच चर्चमध्ये त्याच प्रकारच्या रचना गाताना ऑर्गन किंवा फुंकायची वाद्यं गायकांच्या बरोबरीने तेच सूर वाजवायची, म्हणजे आपल्याकडे पेटीवाला गायकाच्या मागोमाग जातो ना, साधारण तसं. 'वाद्य अजिबात नको, तेच शुद्ध' ही कल्पना खरी मोठी झाली ती १९व्या शतकात, लोकांनी ३०० वर्षांपूर्वीचा इटालियन रचनाकार पालेस्त्रिना पुन्हा शोधून काढला तेव्हा, आणि त्यांनी असं धरून चाललं की जुन्या काळी सगळीकडे असंच गायचे. मला हे महत्त्वाचं वाटतं कारण माझ्याकडे येणारे अर्धे ग्रुप वाद्य नसणं म्हणजे काहीतरी पवित्र व्रत समजून येतात आणि मग प्रॅक्टिसला तानपुरा लावायलाही नको म्हणतात. असं व्रत फारच थोड्यांनी पाळलंय हो. बहुतेक ठिकाणी वाद्य नव्हतं ते परिस्थितीमुळे, हात कामात होते म्हणून किंवा त्या जागेचा नियम होता म्हणून.

युरोपातही सुरुवातीची कित्येक शतकं सगळे मिळून एकच चाल गायचे, आपण आरती म्हणतो तशी. एका चालीला दुसरी चाल जोडून कशी गायची हे लिहून ठेवलेलं सापडतं ते ९व्या शतकाच्या शेवटाला, मग १०२५ च्या आसपास ग्वीदो नावाच्या इटालियन साधूने रेघांवर सूर लिहायची पद्धत घालून दिली, आणि १२०० च्या सुमाराला पॅरिसच्या नोत्र दामसाठी पेरोतँ नावाचा रचनाकार चार आवाजांच्या रचना करत होता. पुढे १६व्या शतकात पालेस्त्रिनाचं सहा आवाजांचं मिसा, म्हणजे चर्चच्या प्रार्थनेचं संगीत (छापलं गेलं १५६७ मध्ये), आणि इंग्लंडमध्ये टॅलिसने तर ४० स्वतंत्र आवाजांची रचना केली, चाळीस जण आणि प्रत्येकाची ओळ वेगळी. सिस्टिनमध्ये गायली जाणारी अल्लेग्रीची ९ आवाजांची रचना १७७० मध्ये १४ वर्षांच्या मोझार्टने ऐकून मुक्कामी जाऊन आठवणीने लिहून काढली, ही गोष्ट तुम्ही कुठेतरी वाचली असेल.

पण हे सगळं शक्य कसं झालं? एक म्हणजे कागदावर लिहिलेले सूर, आणि दुसरं म्हणजे दगडी इमारत. फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथेड्रल आहे ना, १७१८ चं, चर्चगेट नाव ज्याच्यावरून पडलं ते, तिथे एकदा रिकाम्या वेळी हळूच एक सूर लावून बघा, तुम्ही थांबलात तरी सूर वरती छताशी थोडा वेळ राहतो. मी पहिल्यांदा तिथे गायले तेव्हा लक्षात आलं की पुढचा सूर लावताना मागचा अजून कानात आहे, म्हणजे ती इमारतच तानपुरा धरून बसलीये. ग्रीक परंपरेच्या चर्चमध्ये तर एक गट फक्त आधारस्वर धरूनच उभा असतो, त्याला 'इसोन' म्हणतात, बाकीचे त्याच्यावर चाल गातात. तुमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये जिप्समचं फॉल्स सीलिंग आणि पडदे असतील तर सूर तोंडातून निघाला की संपला, तुम्हाला परत काहीच मिळत नाही. सूर घसरायचं हे पहिलं कारण, आणि यात तुमचा काही दोष नाही.

आता 'आपल्यात नव्हतंच' याबद्दल. काकांना एवढंच विचारा की त्यांच्या आजीच्या घरी जातं होतं का.

माझ्या आजीचं जातं जुन्नरकडच्या घरात ओसरीच्या कोपऱ्यात होतं. मी ७-८ वर्षांची असताना मे महिन्यात आजी आणि तिची धाकटी जाऊ समोरासमोर बसून दळायच्या, एकच खुंटा दोघींच्या हातात, एकीने ओढायचं, दुसरीने ढकलायचं. आजी ओवीची पहिली ओळ घ्यायची, काकीआजी दुसरी उचलायची, आणि श्वास घ्यायची जागा ठरलेली असायची, खुंटा आपल्यापासून लांब जातो तेव्हा. मधे मूठभर दाणे घालताना जातं जरा हलकं व्हायचं, आवाज थोडा चढायचा, तेव्हा दोघी न ठरवता शब्द लांबवायच्या आणि दाणे खाली गेले की परत मूळ लयीत यायच्या. त्या दगडाच्या घरघरीत एक बारीक सलग सूर असायचा, मोठी झाल्यावर कळलं की दोघी त्यालाच धरून गायच्या. हे मला कुठल्याही वर्गात शिकवलेलं नाही, पण समूहगानाबद्दल मी जे काही सांगते त्यातलं निम्मं तिथलं आहे.

आणि हे आजकालचं नाही. चालुक्य राजा सोमेश्वराच्या मानसोल्लासात, म्हणजे १२व्या शतकात, महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्यात, एवढं मोठं बिनवाद्यांचं भांडार आपल्या भाषेत आहे. १३व्या शतकातली महदंबा, जिला आपण मराठीतली पहिली कवयित्री म्हणतो, तिचे धवळे ही लग्नाची गाणी, आणि आपल्या मुंबई-ठाणे-रायगडच्या आगरी कोळी लग्नात आजही धवलारीण येते आणि धवले गाते. उरणजवळच्या एका हळदीला मी गेले होते, बाहेर मांडवात डीजे चालू आणि आत ओटीवर तीन म्हाताऱ्या बायका खांद्याला खांदा लावून धवला म्हणत होत्या, एकीची ओळ संपायच्या आधी दुसरी त्याच सुरावर आत येत होती, त्यामुळे मधे फट पडतच नव्हती, बाहेर एवढा धिंगाणा असून. त्यांनी धरलं होतं ते एकमेकींच्या खांद्याला आणि ओळीच्या शेवटच्या सुराला.

कापणीच्या वेळची भलरी घ्या, भोंडल्याचा फेर घ्या (पाटावरच्या हत्तीभोवती पावलं पडतात तोच ताल), मंगळागौरीच्या झिम्म्यातल्या टाळ्या घ्या, होडी वल्हवतानाची हाळी घ्या. कुठेही वाद्य नाही, पण पाय आहेत, हात आहेत, विळा आहे, वल्हं आहे. अजून मागे जायचं तर सामगान बघा, यज्ञात प्रस्तोता, उद्गाता आणि प्रतिहर्ता असे तीन गायक, प्रत्येकाचा भाग ठरलेला आणि 'निधन' नावाचा शेवटचा भाग तिघांनी मिळून गायचा. कोणी कधी आत यायचं याची एवढी बारीक आखणी आहे की मी माझ्या कॉयरला भाग वाटून देताना हेच उदाहरण सांगते.

खरा फरक आहे तो वेगळाच. आपली बहुतेक समूहगाणी एका चालीची, सगळे तेच गातात किंवा आळीपाळीने गातात, आणि युरोपात वेगवेगळ्या चाली एकाच वेळी गायची सवय वाढली. पण हा फरकही भारत विरुद्ध परदेश असा सरळ नाही. नागालँडच्या फेक भागात शेतात राबणारे लोक 'ली' गातात, भाताच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात चिखलात उभं राहून, आणि त्यात आवाज वेगवेगळे असतात, एकमेकांना उत्तर देणारे. जॉर्जिया देशातलं गावाकडचं गाणं तीन आवाजांचं असतं, ते तर युनेस्कोच्या यादीत आहे आणि त्यातलं एक गाणं १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेलंय. दक्षिण आफ्रिकेत खाणकामगारांच्या वस्तीत घडलेली झुलू पुरुषांची 'इसिकाथामिया' नावाची गायकी आहे, तिच्या नावातच पाऊल न वाजवता चालणं आहे, ते गाताना हलक्या पावलांनी नाचतात आणि ताल तिथेच राहतो.

आपल्या मुंबईचं म्हणाल तर १९३० च्या चळवळीत पहाटे प्रभातफेऱ्या निघायच्या, गिरगाव दादरच्या गल्ल्यांमधून चालत गात जायचे, तिथेही ताल पावलांचाच. नंतर १९५० च्या दशकात सलील चौधरींनी बॉम्बे यूथ कॉयर उभा केला, आणि १९५६ मध्ये व्हिक्टर परंजोतींनी त्यांचा कोरस सुरू केला, त्यांच्यानंतर कूमी वाडियांनी तो कित्येक दशकं चालवला, परदेशी रचनांबरोबर भारतीय गाणीही कॉयरसाठी बसवून. म्हणजे या शहरात हे काम ७० वर्षं चालू आहे आणि ते करणारे आपलेच लोक होते. काकांना सांगताना हेही सांगा.

आता सूर. इथवरचं एवढंच लक्षात ठेवा की जुन्या लोकांकडे दगड, इमारत, पावलं, नाहीतर शेजारचा खांदा होता, आणि तुमचे ९ जण प्लास्टिकच्या खुर्च्यांवर ओळीत बसून, मोबाइलवरचे शब्द वाचत, पंख्याखाली गाताहेत. धरायला काहीच नाही.

लोक मला विचारतात की सूर उतरतो तो शुद्ध गंधारामुळे का. यात थोडं तथ्य आहे. पेटीचा गंधार आणि तानपुऱ्यातून ऐकू येणारा नैसर्गिक गंधार यात साधारण १४ सेंटचा फरक असतो, अर्धा सूर म्हणजे १०० सेंट, आणि वेगवेगळे आवाज एकत्र गाताना प्रत्येक मेळ अगदी शुद्ध लावत गेलं तर काही चालींमध्ये मूळ सा एका फेरीत २० सेंटपेक्षा जास्त खाली सरकू शकतो. बेनेदेत्ती नावाच्या इटालियन गणितज्ञाने हे १६व्या शतकातच दाखवून दिलं होतं. पण तुम्ही तर सगळे एकच चाल गाताय, त्यामुळे तुमचा अर्धा सूर गणिताने उतरलेला नाही, तो श्वासाने आणि सवयीने उतरलाय.

माझ्या अनुभवात कारणं नेहमी तीच असतात. खाली येताना आपण पायरी मोठी घेतो आणि वर जाताना छोटी, प्रत्येक ओळीत केसभर, आणि तीन कडव्यांत ते साठतं. ओळीच्या शेवटचा लांब सूर श्वास संपत आल्यावर वाकतो आणि पुढची ओळ त्या वाकलेल्या सुरावरून सुरू होते. सगळ्यात मोठ्या आवाजाच्या माणसामागे बाकीचे जातात, तो कुठेही गेला तरी. आणि चौथं म्हणजे पट्टी, सा कुठल्या सुरावर धरायचा ते.

पट्टीचं नीट सांगते कारण मिश्र ग्रुपमध्ये गाडी इथेच अडते. पुरुष साधारण काळी एकला (पेटीवरची पहिली काळी पट्टी सा धरून) खूश असतात आणि बायका काळी चारला. सगळ्यांना काळी एक दिली की तार सप्तकात बायका ओरडतात, काळी चार दिली तर पुरुषांचा आवाज एकतर पोटात जातो नाहीतर गळा ताणला जातो. तुमची गाणी एका सप्तकात बसणारी असतील तर काळी दोन करून बघा, बऱ्याच ग्रुपना ती चालते, पण हे तुमच्या गळ्यांवर आहे, मी छातीठोक सांगणार नाही. आणि सूर उतरतोय म्हणून पट्टी खाली घेऊ नका. उलट अर्धा सूर वर नेऊन बघा. ऐकायला विचित्र वाटतं पण खालच्या पट्टीत गळा सैल पडतो आणि सूर बसत जातो, मी कितीतरी वेळा फक्त एवढं केलंय आणि उतरणं थांबलंय.

मला स्वतःला याचा मोठा धडा मिळाला तो एका शाळेच्या ४० मुलांबरोबर. स्पर्धा होती, दोन कडवी बिनवाद्यांची आणि तिसऱ्याला कीबोर्ड आत येणार असं मीच बसवलं होतं. मुलं सुंदर गायली, पण पाऊण सूर उतरली, आणि कीबोर्डचा पहिला कॉर्ड पडला तेव्हा ४० चेहरे एकदम माझ्याकडे वळले. चूक माझी होती, प्रॅक्टिसभर मी त्यांना कीबोर्ड देत राहिले आणि स्टेजवर तो काढून घेतला. त्यांना स्वतःचा सा धरायला मी शिकवलंच नव्हतं.

तेव्हापासून मी असं करते. पहिले आठ दिवस प्रॅक्टिसला तानपुऱ्याचं ॲप मोठ्याने. नंतर ते चालू ठेवायचं पण कडव्याच्या मधे आवाज बंद करायचा आणि कडवं संपलं की परत उघडायचा, किती सरकलो ते सगळ्यांनी आपल्या कानाने ऐकायचं, कुणी बोट दाखवायचं नाही. शेवटच्या आठवड्यात फक्त सुरुवातीला सा. खुर्च्या काढा, अर्धगोलात उभे राहा, इतके जवळ की शेजारच्याचा श्वास ऐकू येईल, आणि शब्द पाठ. आवाज निम्मा करा, जेवढ्या आवाजात दुसऱ्याचं ऐकू येतं तेवढाच आपला.

आणि झील धरा. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी असतात ना, शाहिराची ओळ संपते तिथला सूर ते उचलतात आणि त्याला पडू देत नाहीत. तुमच्या ९ मधले दोघं, एक बाई एक पुरुष, यांना झीलकरी करा. ओळ संपताना बाकीचे श्वास घेतात तेव्हा या दोघांनी तो सूर धरून ठेवायचा आणि त्यांनी स्वतःचा श्वास ओळीच्या मधे चोरायचा. धवलारणींनी जे केलं तेच आहे हे. एखाद्या गाण्यात हेच दोघं सुरुवातीपासून 'आ'कारात सा आणि पंचम धरून राहिले तरी चालेल, तुमच्या हॉलला जे छत नाही ते छत म्हणजे हे दोघं. ६८ वर्षांचे काका यासाठी मला फार योग्य वाटतात, ज्यांना हा प्रकार परका वाटतो त्यांनाच आधार धरायला दिला की ते गाण्याच्या आत येतात.

दुसरा आवाज, हार्मनी वगैरे या वेळी नको. यूट्यूब बघून लोक सगळीकडे वरचा तिसरा सूर लावत सुटतात. समजा चाल भूप रागातली आहे, सा रे ग प ध. सा वर ग छान लागतो, ग वर प लागतो, पण रे वर तिसरा लावायला गेलात की मध्यम येतो आणि प वर लावलात की निषाद, दोन्ही भूपात नाहीत, आणि ऐकणाऱ्याला चाल कुठेतरी बिघडली एवढंच कळतं. फारच हौस असेल तर शेवटच्या ओळीला तिघांनी पंचमावर थांबा, पुरे.

२७ तारखेला गायच्या पाच मिनिटं आधी हॉलचे पंखे आणि एसी बंद करायला सांगा, सा पेटीवरून नको, तुमच्यातल्याच एकीने फोनवरून कानात ऐकून गुणगुणत सगळ्यांना द्यावा. माइक असतील तर दोनच, लांब ठेवलेले, प्रत्येकाच्या हातात एक नको, नाहीतर स्पीकरमधून फक्त स्वतःचाच आवाज येईल. आणि तीनही गाण्यांचं रेकॉर्डिंग करा, इथे टाकलंत तर पहिला आणि शेवटचा सा मी ट्यूनिंग फोर्कवर लावून किती सरकलाय ते कळवते.